मी नापास केलेला डोंगर

जुने शहर, अकोला
रविवार, २९ मार्च

प्रिय मित्र धर्मपाल,

जय भीम. (तुझा सलाम पोहोचला असं धरून चालतो. अकोटच्या कापूस खरेदी केंद्रावर एकतीस वर्षं तू मला सलाम केलास आणि मी तुला जय भीम. आता या वयात उलटं करायला गेलो तर दोघांच्याही जिभा अडखळतील.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेला पट्टा बांधतोस की नुसता खुंटीला टांगून ठेवतोस? दुर्गावहिनींना सांग, ईदला पाठवलेला शीरखुर्म्याचा डबा परत करायची घाई नाही. पण डबा थोरल्या आपाचा आहे, त्यामुळे घाई आहे. चिरंजीव प्रीतमच्या बदलीचं कळव. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; प्रत्यक्षात मी गेले सहा दिवस हबकून बसलो आहे. जेवताना घास हातात राहतो आणि मी भिंतीकडे बघत बसतो. तुला फोनच करणार होतो, पण तू फोनवर बोललास की आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं, आणि ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या, आयशाआपाच्या कानावर जाता कामा नये. म्हणून पत्र. शेजारचा ओमप्रकाश रोज सकाळच्या गाडीने अमरावतीला कामावर जातो, त्याच्या हाती देईन. वाचून फाडून टाक. (फाडशील याची खात्री नाही. तू रद्द झालेल्या पावत्यासुद्धा जपून ठेवणारा माणूस.)

तर विषय आपल्या तुबाचा आहे. ती अमरावतीला तुमच्या घरी राहून भूगोल शिकली तेव्हा मला वाटलं होतं की माझी पोरगी कुठंतरी शाळेत लागेल. पण दोन वर्षांपासून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या वरच्या खोलीत बसून करते. काय करते, असं कोणी विचारलं की मी ‘हवामानाचं’ म्हणून सांगायचो, आणि मलाही तेच वाटायचं. पाऊस, वारा, पेरणी कधी करावी. गेल्या महिन्यात मी तिला सहज विचारलं की यंदा पाऊस कसा आहे म्हणतात तुमचे लोक, तर ती म्हणाली, अब्बा, माझ्या कामाचा पावसाशी संबंधच नाही. काश्मीरातल्या एका डोंगरावर रात्रीतून किती बर्फ पडला, तो भुसभुशीत आहे की कडक, वारा कसा आहे, कोणता उतार उघडा आणि कोणता बंद, हे ती रोज सकाळी नऊच्या आत लिहून पाठवते. कोणासाठी? तर पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून खाली घसरणाऱ्या लोकांसाठी. याला स्की म्हणतात. धर्मा, मी खाली बसलो. हे लोक दोरावरच्या पाळण्यातून वर जातात, घसरत खाली येतात, आणि लगेच पुन्हा वर जातात. दिवसभर. त्यांचं खाली काही काम असतं का, असं मी विचारलं. नसतं. वर असतं का? वरही नसतं.

आणि यातली खरी धक्कादायक बाब अशी की तुबाने बर्फ पाहिलेलाच नाही. वर कॅमेरे आहेत, यंत्रं आहेत, त्यांचे आकडे आणि फोटो हिच्या लॅपटॉपवर येतात, त्यावरून ही लिहिते. डोंगरावरचा सोड, आमच्या घरात साधा बर्फही येत नाही. तुला आठवत असेल, तुबा चार वर्षांची असताना तिला निमोनिया झाला होता. तिची आई महेजबीन जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी शेवटच्या वेचणीच्या, फरदडीच्या खरेदीत अडकलेलो, आणि आपा बार्शीटाकळीचं आपलं घर बंद करून आमच्याकडे राहायला आलेली. आठ रात्री तिने पोरीला छातीशी धरून काढल्या. नवव्या दिवशी ताप उतरला आणि त्या दिवसापासून या घरात थंड वस्तूला बंदी झाली. फ्रिज आहे, पण त्यात आपा मसाले ठेवते. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा तुबाने आजवर तोंडाला लावलेला नाही (माझ्या माहितीप्रमाणे; अमरावतीत काय केलं ते वहिनींना ठाऊक). मागे कंपनीने तिला पुण्याला बोलावलं तर आपा नाही म्हणाली, कारण पुण्याला थंडी असते. आणि तीच पोरगी मार्च महिन्यात, एक्केचाळीस डिग्रीत, कूलरसमोर बसून काश्मीरच्या बर्फाचे दाखले देते.

आता माझा गुन्हा सांगतो. गेल्या सोमवारी सकाळी साडेआठला नळ आले. पाचव्या दिवशी आले होते, त्यामुळे गल्लीत कोणाचं कोणाला भान नव्हतं. तुबा कामात होती, पण आपाने खालून हाक मारल्यावर कुठली कंपनी नि कुठला डोंगर. जाताना ती मला लॅपटॉपजवळ बसवून गेली. कशाला हात लावू नका, मी आलेच, असं बजावून गेली. मी हात लावणारही नव्हतो. पण समोर एक अर्धवट भरलेला फॉर्म होता. धर्मा, आपल्यासारख्या माणसासमोर अर्धवट फॉर्म ठेवून जाऊ नये. वर डोंगराचा ताजा फोटो, खाली रकाने: वरचा थर, आतला थर, ओलावा, शेरा. मी चष्मा पुसला आणि फोटो जवळून पाहिला. तूच सांग, तू असतास तर काय केलं असतंस? उतारावरचा माल सगळा दाबून बसवलेला. कुठं फुललेला नाही. वरून एकसारख्या रेघा ओढलेल्या, आणि उन्हात चमकतो आहे. दाबलेला आणि चमकणारा माल म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. रात्री पाणी मारलंय आणि सकाळी वरून तुडवलंय. त्या देवीदासची कापसाची गाडी आठवते? वरून चांदी, आणि आत हात घातला तर कोपरापर्यंत ओला आला होता. मी ओलाव्याच्या रकान्यात ‘जास्त’ निवडलं. शेऱ्याच्या जागी हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन गोल होते. मी लाल दाबला. नापास. मग खाली एक बटण होतं, तेही दाबलं, कारण सहीशिवाय फॉर्म टेबलावर ठेवायची मला सवय नाही.

आपल्याकडे नापास केलं की शेतकरी दोन शिव्या देतो, चहा पाजतो आणि गाडी दुसरीकडे नेतो. तिथं तसं नाही. तिथं लाल म्हणजे बर्फाचा कडा कोसळण्याचा धोका. तुबा ओल्या पायांनी वर आली तोवर काश्मीरात भोंगे वाजले होते. दोरावरचे पाळणे थांबले. जे लोक अर्ध्या वाटेत लोंबकळत होते त्यांना तसंच परत आणलं. गळ्यात शिट्ट्या अडकवलेले बचाव पथकाचे जवान उतारावर कोणी राहिलं आहे का ते शोधायला गेले, त्यांच्याबरोबर माणूस हुंगणारी कुत्री होती. तीनशे माणसं हॉटेलात बसून राहिली. मोर्णा नदीच्या काठी लुंगी नेसून बसलेल्या एका निवृत्त ग्रेडरने काश्मीरचा डोंगर बंद केला, धर्मा. मी तो लाल गोल पुन्हा दाबून पाहिला. तो उतरत नाही.

दुपारपर्यंत लोक वर जाऊन तपासून आले. बर्फ कोरडा, घट्ट, उत्तम. म्हणे हंगामातला सर्वांत चांगला दिवस तो होता. दाबलेला होता कारण रात्री यंत्र फिरवून तो मुद्दाम दाबतात, रेघा त्या यंत्राच्या, आणि चमकतो कारण बर्फ चमकतोच. माल मुद्दाम दाबून विकतात आणि गिऱ्हाईक खूश होतं, असा हा धंदा आहे. दुसऱ्या दिवशी तिथं पाऊस पडला आणि तो चांगला बर्फ वाहून गेला. एक मनुष्य म्हणे खास त्या दिवसासाठी नागपूरहून आला होता. तो आपल्या भागातला निघाला याचं मला जास्त वाईट वाटतं.

संध्याकाळी तुबाच्या वरिष्ठ हर्षा मॅडम लॅपटॉपवर आल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून, दार लावून, पोरीच्या शेजारी बसलो. तुबा सगळं आपल्या अंगावर घेणार होती, पण मी मध्येच कबूल केलं. कापसाचा ग्रेडर आहे, माल दाबलेला दिसला, हात आपोआप गेला. मॅडमनी कपाळ टेबलाला टेकलं, पडद्यावर नुसते काळे केस राहिले. (मला वाटलं लाइट गेली.) मग त्यांनी माझ्याकडे न बघता तुबाला विचारलं की तू स्वतः बर्फ कधी पाहिला आहेस? तुबा खरं बोलली. मॅडमचा चेहरा पडला. दोन वर्षं त्यांना वाटत होतं की हिने निदान सहलीला जाऊन तरी पाहिला असेल. त्यांनी तिथंच निकाल दिला: हंगाम संपायला महिना उरला आहे, तो महिना तुबाने डोंगरावर राहून काढायचा, तिथल्या बायकांच्या वसतिगृहात सोय आहे, रोज जवानांबरोबर उतारावर जायचं आणि बर्फ हातात घेऊन शिकायचा. नाहीतर हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. म्हणजे ज्या थंडीपासून आपाने पोरीला वीस वर्षं झाकून ठेवलं, त्या थंडीत तिला मी एका बोटाने ढकललं.

मी अर्थातच नाही म्हणालो. उणे सात डिग्री, निमोनिया झालेली छाती, आपाला काय सांगू, सगळं बोललो. आमच्या घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण जिंकायचं असलं की तुबा बाजारातल्या वऱ्हाडीवर येते, कारण त्या भाषेत मी हरतो हे तिला माहीत आहे. ती म्हणाली, “अब्बा, तुमी कवा गाडीत हात न घालता माल पास केला का? मी दोन वर्षापासून तेच करून राहिली.”

हे बोलणं मूळचं माझंच. मोठ्या साहेबांनी एकदा मे महिन्यात मला सांगितलं होतं की उन्हात कशाला जाता, खिडकीतून पाहून ग्रेड लावा, आणि मी पेन टेबलावर ठेवलं होतं. तू साक्षीला होतास. ती गोष्ट मी या पोरीला इतक्या वेळा सांगितली आहे की चूक माझीच. बापाने आपल्या मोठेपणाच्या गोष्टी मुलांना जपून सांगाव्यात. तरी मी तुला विनंती करतो की तू तिला समजाव. तुझं ती ऐकते. दोन ओळी कडक शब्दांत लिही, छातीचं लिही, माझ्या वयाचं लिही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. पोरीला काही होईल ही एक, आणि ती तिकडे बरी राहिली तर परत या खोलीत तिचं मन लागायचं नाही ही दुसरी. दुसरी भीती तिला सांगू नकोस.

वहिनींना सलाम, प्रीतमला आशीर्वाद, गुडघ्याला पट्टा.

तुझा,
गयासुद्दीन

ता. क. (बुधवार) ओमप्रकाश तीन दिवस रजेवर होता म्हणून पत्र इथंच पडून राहिलं. तुबाला कडक शब्दांत लिहायची आता गरज नाही. काल मीच तिला गाडीत बसवून आलो. रडली नाही. मी प्लॅटफॉर्मवरच्या नळावर तोंड धुतलं.

ता. क. २. या पत्राचं खरं कारण आता लिहितो, रागावू नकोस. आपाला मी असं सांगितलं आहे की तुबा महिनाभर कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला अमरावतीला, तुमच्या घरी गेली आहे. तिचा फोन आला तर पोरगी आंघोळ करून राहिली म्हणा, बाजारात गेली म्हणा, नमाज पढते म्हणा. वहिनींनाही पढवून ठेव. तू सत्यवचनी माणूस आहेस हे मला ठाऊक आहे, पण एकतीस वर्षांत मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

ता. क. ३. (गुरुवार, पहाटे) पत्र पुन्हा उघडावं लागलं. ओमप्रकाशबरोबर एक पिशवी येते आहे. ती आपाने माझ्यासमोर बांधली. आत लोकरीचे मोजे दोन जोड, हातमोजे, कानटोपी आणि छातीला बांधायचा जाड पट्टा, सगळं हाताने विणलेलं. माझा चेहरा बघून तीही वऱ्हाडीवर आली आणि म्हणाली, “अमरावतीले यंदा लई थंडी हाय म्हन्ते. पोरीले पोचव.” अमरावतीत काल बेचाळीस होतं. मी रात्रभर एवढाच विचार करतो आहे की एक जोड मोजे विणायला आपाला आता तीन आठवडे लागतात, बोटं चालत नाहीत, आणि मी डोंगर बंद केला त्याला आज दहा दिवस होतात. म्हणजे तिने हे थंडीतच विणायला घेतलं असणार, पोरगी कधीतरी जाईल म्हणून. मला हे विचारायची छाती नाही. तू पिशवी तिथूनच काश्मीरला पाठव, पत्ता सोबत आहे. आपा शुक्रवारी तुला फोन करेल. आंघोळीचं, बाजाराचं, ठरलं तसंच सांग, ती मान्य करेल. पण मोजे पोरीला बरोबर बसले का, असं विचारेल तेव्हा आवाज न अडखळता सांग, बसले म्हणून.