कान झाकला नाही

रविवार, संध्याकाळ

काटोलचे पाहुणे आत्ताच गेले. मला बघायला आले होते. सकाळपासून आईचं एकच, "केस मोकळे सोड वं, तो कान झाकून घे." सरावात चटईवर घासून घासून माझा डावा कान फुलकोबीसारखा झालाय. कडक, वेडावाकडा. मी मुद्दाम घट्ट अंबाडा बांधला आणि पोहे घेऊन बाहेर गेले.

मुलाच्या आत्याने विचारलंच, "कानाले काय झालं वं?"

"जाळीच्या पिंजऱ्यात लढते मी. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं."

आईने मान खाली घातली. चुकलं का माझं? तिच्यापुरतं, थोडं.

पण माझ्या मोबाइलवर इंग्लंडच्या एका लढणाऱ्या बाईचा फोटो आहे ना. तिच्या देशात बायका पिंजऱ्यात उतरतच नव्हत्या, तेव्हा ती उतरली. हरली, टाके पडले, तरी वर्षानुवर्षं लढली. तिचाही कान असाच. फोटोत तिने कुठे झाकलाय?

आत्या म्हणाल्या, "लग्न झाल्यावर हे सोडशीन ना?"

"हा कान आता परत सरळ होत नाही, आत्या," म्हटलं, आणि बशी पुढे केली. "पोहे घ्या."