धारेचं पाणी

खाँदबारी, कार्तिक शुद्ध दशमी

ती. दादांना सुनमायाचा सा. न. वि. वि.

तुमच्या दोन्ही खुकऱ्या हमालाबरोबर सुखरूप पोचल्या. आमच्या गिर्यारोहकांच्या छावणीचे मुख्य आचारी जसहाङ राई पुढच्या हंगामासाठी सगळ्यांना नव्या खुकऱ्या घेणार आहेत, म्हणून तुमच्या आणि धरानच्या लोहाराच्या शेजारी शेजारी ठेवून पारखल्या. धरानची टोकाकडे जड. मुळे चिरता चिरता माझं मनगट भरून आलं. तुमची लहान खुकरी मात्र बकऱ्याचं हाड तोडून लगेच आल्याचे पातळ काप काढते. मी मिरवून घेतलं, खोटं कशाला सांगू!

मग जसहाङदाजूंनी (थोरल्या भावासारखे, म्हणून मी दाजूच म्हणते) तुमची मोठी खुकरी लाकडं फोडायला घेतली आणि पहिल्याच गाठीवर तिची धार तुटली. तुकडा उडून त्यांच्याच गालात घुसला. डोळा वाचला, एवढंच. रक्त पुसत ते म्हणाले, या दोन्ही एका हातच्या नाहीत. मी भांडले. दोन्हींवर तुमचीच चंद्रकोरीची खूण आहे ना? काय सांगू त्यांना?

वहिनींना नमस्कार. धाकटीवर माया असू द्यावी.

तुमची सुनी

*

टक्सार, कार्तिक वद्य द्वितीया

चि. सुनीस अनेक आशीर्वाद.

माझ्या हाताची पारख करणारा हा आचारी कोण लागून गेला? लाकडाखाली दगड असणार आणि गड्याने बघितला नसणार. तुमच्या मालकांना तसं स्पष्ट सांग. बाबांचं नाव आहे त्या खुकरीमागे. वहिनी बरी आहे, भट्टीपाशी हाताखाली असते.

लोभ आहेच, तो ठेव.

तुझा दादा धनलाल

*

खाँदबारी, कार्तिक वद्य दशमी

ती. दादांना नमस्कार.

सांगितलं. मालकांनी जसहाङदाजूंना भर हंगामात घरी पाठवलं, निष्काळजी म्हणून. ते भांडले नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिले. तिथे दगड नव्हता, दादा. मी शेजारीच उभी होते. तुमच्या शब्दाखातर बोलले. काल बाजारात त्यांच्या बायकोने मला बघून तोंड फिरवलं. मला चुलीपुढे उभं राहवत नाही.

आता तरी खरं लिहा. मायेत अंतर पडायला नको.

सुनी

*

टक्सार, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

चि. सुनीस,

आशीर्वाद लिहायलाही हात उचलत नाही.

लहान खुकरी तुझ्या वहिनीची आहे, पहिल्या घावापासून. गेल्या वर्षापासून मला तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. लाल कुठला, पिवळा कुठला, सगळं सारखंच. तेव्हापासून नेमक्या रंगावर धार विझवून तिला पाणी तीच देते. ती माहेरी गेली असताना मी हट्टाने मोठीला स्वतः पाणी दिलं. परत आल्यावर तिने नुसती नखाने वाजवून पाहिली आणि म्हणाली, ही पाठवू नका. मी तिच्यावर ओरडलो. तिच्या खुकरीवरही माझी चंद्रकोर ठोकली आणि दोन्ही बांधून दिल्या. वर तुला खोटं बोलायला लावलं.

निघतोय. दारात उभं केलंस तरी पुष्कळ.

दादा

*

खाँदबारी, मार्गशीर्ष शुद्ध नवमी

सौ. फूलमती वहिनींना सा. न.

दादांनी मालकांपुढे, सगळ्या आचाऱ्यांच्या देखत, सगळं सांगितलं. माझं खोटं मी सांगितलं. मालकांनी विचारलं, मग लहान कुणाची? दादांनी तुमचं नाव घेतलं. चारचौघांत नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं म्हणून पोरं हसली, पण त्यांनी मान वर केली नाही. पुढच्या हंगामात जसहाङदाजूंना परत घेणार आहेत. हा हंगाम गेला तो गेलाच.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, बसा म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की खुकऱ्या त्या बाईंकडूनच घ्यायच्या.

तेव्हापासून दादा त्यांच्या परसात थंडीची लाकडं फोडताहेत. कुणी सांगितलं नाही, कुणी थांबवत नाही. मी जेवण नेते. घरी चला म्हटलं की, अजून नाही म्हणतात. जसहाङदाजू ओसरीवरून बघतात आणि आत जातात.

ते कधी परततील, मला माहीत नाही. वहिनी, तुम्ही वाट बघत बसू नका. भट्टी पेटवा.

वर्षभर तुमच्या हातच्या कामाचं कौतुक दादांचं म्हणून करत आले. या नणंदेला पदरात घ्या.

सुनमाया