जुन्या सॉकेटचा प्रोसेसर

गोडोली, सातारा
९ जून २०२४

ती. जयराजमामा यांस,
शिवतेजचा सा. न. वि. वि. (साष्टांग खुर्चीत बसूनच घातलाय, चालवून घ्या.)

घरात तीन फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी बजावलंय, बोटं चालती ठेवायची तर रोज पानभर हातानं लिहायचं. शुद्धलेखन काढून काढून वैतागलो. म्हटलं, त्यापेक्षा तुमचं डोकं खावं. उत्तरही पत्रानंच हवं. फोन केलात तर घेणार नाही.

काम असं आहे. मला डेस्कटॉप जोडून हवाय. दोन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतोय. लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव चाललाय, त्यातला एक कांदा पोत्यातून सटकतो आणि लपतछपत रेल्वे स्टेशन गाठतो. एवढीच गोष्ट. पण कांद्याच्या सालीतून ऊन कसं आरपार दिसतं, ते दाखवताना माझ्या जुन्या लॅपटॉपला धाप लागते. एक चित्र तयार व्हायला पाऊण तास, आणि फिल्मला अशी तीन हजारांच्या आसपास चित्रं लागतात. ग्राफिक्स कार्डाच्या किमती ऐकून मी कान झाकून घेतलेत, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर.

तुम्ही सांगलीत अर्ध्या गावाला कॉम्प्युटर जोडून देता. मला कुठला प्रोसेसर परवडेल आणि कुठला पळेल, ते लिहा. बाबांनी साठ हजार बाजूला काढलेत. फौजेतून आलेल्या आमच्या या सुभेदारसाहेबांनी त्याबद्दल मला काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. आमचं असंच चालतं.

मामींना नमस्कार. लोभ आहे तो वाढवा, जमल्यास सवलतही वाढवा.
आपला,
शिवतेज


माधवनगर, सांगली
१७ जून २०२४

चि. शिवतेज यास,
मामाचे अ. आ.

गड्या, किती वर्सांनी हातानं पत्र लिहितोय. तुझी मामी मागं उभी राहून हसतीया.

तुझ्या बजेटात तीन घोडी बसत्यात. पहिलं इंटेलचं आय-फाइव्ह, १३४००. साधारण सतरा हजार. गुणी हाय, तापत न्हाई, पण त्याचा सॉकेट आता संपत आला. सॉकेट म्हंजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची खाच. खाच बदलली की पुढचा प्रोसेसर त्या बोर्डावर बसत न्हाई, बोर्डासकट सगळं बदलावं लागतं.

दुसरं रायझन ५९००एक्स. बारा कोअर. एका टायमाला बारा गडी कामाला लावल्यागत. चोवीस हजारांच्या घरात. बोर्ड आणि रॅम मातूर जुन्या पद्धतीचं, म्हणून स्वस्त. ह्याचाबी सॉकेट जुना. ती वाट तिथंच संपली.

तिसरं रायझन ७६००. सहाच कोअर, पण नव्या पिढीचं. साडेसतराला मिळंल. बोर्ड आणि रॅम महाग पडतंय, म्हंजे एकूण हिशेब दुसऱ्याइतकाच. पण खाच नवी हाय. कंपनीनं २०२७ पातूर आणि त्याच्याबी पुढं ह्याच खाचंत बसणारं प्रोसेसर काढायचा शब्द दिलाय. आज सहा कोअर घे, दोन-तीन वर्सांनी त्याच बोर्डावर सोळा कोअर बसवू.

मी गिऱ्हाईकाला सांगतो तेच भाच्याला सांगतो. आजचा वेग बघू नगंस, पुढली पाच वर्सं बघ. तिसरं घे.

तुझ्या आईला, आक्काला, आशीर्वाद मागितलाय म्हणून सांग. दाजींना नमस्कार.
तुझा,
मामा


गोडोली, सातारा
२५ जून २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. बाबांनीही वाचलं. सॉकेट म्हणजे भिंतीतलंच ना, असं त्यांनी आईला हळूच विचारलं, आणि आईनं ठामपणे होय म्हणून सांगितलं.

माझं ठरलं. दुसरं. ५९००एक्स.

तुमचंच गणित तुम्हाला परत देतो. दोन्हीला पैसे तितकेच. माझ्या कामात कोअर जास्त तर वेग जास्त. नेटवर लोकांनी घेतलेल्या चाचण्या पाहिल्या. सहा कोअरवाल्यावर माझी फिल्म साडेतीन आठवड्यांत तयार होईल, बारावाल्यावर सोळा-सतरा दिवसांत. वर चुका धरा. साल जास्त चमकली, सावली चुकली, की अर्धं काम पुन्हा करायचं. तितक्याच पैशात कमी वेगाची वस्तू कोण घेईल? तुम्ही नवखं गिऱ्हाईक समजून मला नवा माल गळ्यात मारताय, असा दाट संशय आहे.

हात बरा आहे. अक्षर बिघडलंय ते पेनामुळे.

लोभाची घडी मोडू देऊ नये.
शिवतेज


माधवनगर, सांगली
३ जुलै २०२४

चि. शिवतेज यास,
अ. आ.

तुझं डोकं कांद्यानं फिरलंय. अरं, फिल्म एकच करणार हाईस का? हिच्यामागं दुसरी येईल, तिसरी येईल. तवा हे बारा कोअरवालं म्हातारं होऊन बसंल आणि तू मामाच्या नावानं खडं फोडशील. दुकानात रोज असली पोरं येत्यात. आजचा वेग बघायचा आणि दोन वर्सांनी सगळा डबा भंगारात. मी आपल्या माणसाला बंद पडल्याली वाट दावणार न्हाई.

परवा आक्काचा फोन आलता. तिलाबी समजावून सांगितलं. ती म्हणाली, त्याला आवडंल ते दे. तिला ह्यातलं काय कळतंय.

मी ७६०० मागवलाय. बोर्डबी आलाय. आता वाद नगं. थोडं आठवडं जास्त लागतील तर लागू देत. घाई कशाची हाय?

तुझा,
मामा


गोडोली, सातारा
११ जुलै २०२४

ती. मामा,
सा. न.

घाई कशाची, असं विचारलंत. लिहितो. हे पान आईला वाचून दाखवायचं नाही. फाडून टाका.

एप्रिलमध्ये श्वासाची तपासणी झाली. मागच्या वर्षी भरायची त्याच्या निम्म्यानं फुफ्फुसं भरतात. रात्री मास्क लावून झोपतो. आजार स्नायूंचा, आणि हृदयाचेही स्नायूच असतात, तेही आता थकायला लागलेत. बाबा बाहेर गाडी लावत होते तेवढ्यात मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते भले आहेत, फिरवून बोलले नाहीत. हा पावसाळा आणि पुढची थंडी जपा, म्हणाले. पुढच्या उन्हाळ्याबद्दल काही बोलले नाहीत.

तुमच्या कंपनीनं २०२७चा शब्द दिलाय. माझ्या डॉक्टरांनी दिलेला नाही.

म्हणून मामा, पुढच्या पाच वर्षांसाठी मला आजचा वेग मोडायचा नाही. मोकळी खाच घेऊन मी काय करू? माझ्याकडे एकच फिल्म आहे. ती पुरी होताना मला बघायचीय. उजव्या हाताची दोन बोटं अजून माऊस ओढतात, तेवढ्यात.

तुम्ही भाच्याला वाईट माल विकताय असं वाटून घेऊ नका. माझ्यापुरता हाच चांगला माल आहे.

रडू नका. दुकानात गिऱ्हाईक असेल.
शिवतेज


माधवनगर, सांगली
२२ जुलै २०२४

चि. शिवतेजास,

चार दिवस उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. कृष्णेचं पाणी वाढतंय म्हणून माल वरच्या फळ्यांवर चढवत हुतो, असं सगळ्यांना सांगितलं. पाण्याचं निमित्त झालं.

तुला वीरधवलदादाचं कधी कुणी नीट सांगितलं न्हाई. माझा थोरला भाऊ. तुझ्या आईनं आणि मी त्याला उचलून उन्हात बसवायचं. तुझाच आजार. तवा त्याला कुणी नाव दिलं न्हवतं, पाय दुबळं म्हणायचं. एकाच आईची आमी दोन पोरं, त्याला आला, मला न्हाई. का, ते मला अजून कुणी सांगितल्यालं न्हाई. दादाला टीव्हीचं लय याड. शेजाऱ्यांकडं काळा-पांढरा हुता, तिथं त्याला न्यायचं म्हंजे चार माणसं लागायची. आबा म्हणायचं, घेऊ की, पण रंगीत येतोय, आता काळा-पांढरा घेऊन पैसं कशाला घालवायचं, पुढल्या साली चांगलाच घेऊ. आबा कंजूस न्हवतं रं. त्यांनाबी पोराला चांगलंच द्यायचं हुतं. रंगीत टीव्ही घरात आला तवा दादाला जाऊन आठ महिनं झालतं. आबांनी तो एकदाबी लावला न्हाई.

मी सकाळी ७६०० परत पाठवला. ५९००एक्स सांगलीत न्हवता, पुण्याहून मागवलाय. थंड करायचा मोठा पंखा बशिवतो, म्हंजे रातंदिस चालला तरी तापायचा न्हाई. रविवारी मी सोता घेऊन येतो.

पान फाडलं.

मामा


गोडोली, सातारा
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अक्षर ओळखू येणार नाही. मी सांगतोय आणि बाबा लिहितायत. बाबांची अक्षरं कवायतीसारखी आहेत, सगळी एका रांगेत उभी.

मशीन झकास. जे चित्र पाऊण तास खायचं ते आठ मिनिटांत होतं. दोनदा चुकलो, दोनदा सगळं पुन्हा केलं. तुमच्या सहा कोअरवाल्यावर असतो तर अजून दुसऱ्याच फेरीत अडकलो असतो, हे नमूद करून ठेवतो. आता साल बरोबर जमलीय. कांदा स्टेशनात शिरतो तिथं उन्हात तो आतून उजळतो. आईनं बघितलं आणि म्हणाली, खरा कांदा एवढा देखणा कुठं असतो.

सप्टेंबरात माऊस सुटला. तेव्हापासून मी सांगतो आणि बाबा क्लिक करतात. सुरुवातीला ते प्रत्येक क्लिकआधी परवानगी मागायचे. आता माझ्या आधीच हात पुढं करतात आणि चुकतात. इतकं आम्ही आयुष्यात बोललो नव्हतो. (हे लिहायला ते तयार नव्हते. मी हट्ट धरला.)

सगळ्या चित्रांची शेवटची फेरी कालच सुरू केली. दिवाळीनंतर या, सगळे मिळून बघू. कफ झालाय थोडा, काळजीचं नाही.

आहे तसा लोभ राहू द्या.
शिवतेज

ता. क. जयराजराव, कफ थोडा नाही. मी आपल्या मनानं लिहितो आहे, त्यास हे वाचून दाखविलेले नाही. लवकर आलात तर बरे. — लालासाहेब


गोडोली, सातारा
१६ नोव्हेंबर २०२४

चि. जयराजास,
आक्काचा आशीर्वाद.

क्रियेला आलास, दिवसभर राबलास, माझ्याजवळ मातूर बसला न्हाईस. गर्दीत मलाबी बोलता आलं न्हाई. म्हणून लिवते.

तू शिवतेजचं पान फाडलंस, ते मला त्यानंच मागनं दवाखान्यात सांगितलं. तुमा दोघांना वाटलं मला ठाव न्हाई. जयराज, मी वीरधवलदादाला उचलून न्हेल्याली बाई हाय. श्वास कसा बदलतोय ते मला डॉक्टरच्या आधी कळतंय. एप्रिलातच कळलं. तो माझ्यापासनं लपवत हुता, त्याला तेवढं समाधान लाभू दिलं.

दवाखान्यात न्हेलं त्या दिवशी त्यानं आमच्याकडनं एकच वचन घेतलं, मशीन बंद करू नका, अजून थोडी चित्रं ऱ्हायलीत. ह्यांनी इन्व्हर्टरला नवी बॅटरी आणून बसवली. पोरगं मास्कमधनं विचारायचं, किती झाली. हे घरी जाऊन आकडा बघून यायचे आणि सांगायचे. शेवटच्या सकाळी आकडा ऐकला आणि मान हलवली. तासाभरात गेला.

घरी आणला तवा आतल्या खोलीत ते चालूच हुतं. पंख्याचा आवाज येत हुता. आपल्याच भावकीतलं कोण तरी म्हणालं, माणूस दारात ठेवलाय आणि ह्यो कसला घरघराट, बंद करा. कुणी तरी उठलंबी. हे आडवं आलं. नुसतं दारात हुबं ऱ्हायलं. तो माणूस मागं सरला.

हे माती देऊन आले, आंघोळ केली आणि जाऊन त्या पडद्याम्होरं बसलं. ते एक चित्र पुरं व्हायचं, दुसरं सुरू व्हायचं. मी चहा न्हेला, ठेवला, परत आणला. दुसऱ्या दिवशी म्हटलं जेवा, तर मला म्हणत्यात, पोराचं काम चाललंय, मी उठून कसा जाऊ. पहाऱ्यावर बसल्यागत बसून ऱ्हायलं. मी तिथंच भिंतीला टेकले. कांदा फलाटावर आला, एका बाईच्या पाटीआड लपला, गाडीच्या पायरीवर चढला. बारीक बारीक, मुंगीच्या पावलानं. आमी दोघं बघत हुतो.

मग ते थांबलं. पंख्याचा आवाज कमी झाला. शेवटच्या चित्रात गाडी निघालीया आणि कांदा दारात बसलाय, ऊन त्याच्या आरपार जातंय. तू आलास तवा मी त्या खोलीचं दार ओढून घेतलंतं. तुला दावायचं म्हणून मनात हुतं, पण हात उचलला न्हाई.

मशीन थांबलं त्याला आता बारा दिवस झालं. ते चित्र तसंच हाय पडद्यावर. सगळी चित्रं जोडून फिल्म करायची असती म्हणं, ते शिवतेज सांगणार हुता, सांगायचं ऱ्हायलं. ह्यांना क्लिक करता येतंय, पर कुठं करायचं ते सांगणारा न्हाई. काय दाबलं आणि सगळं पुसलं तर, म्हणून कुणी हात लावत न्हाई. फरशी पुसतानाबी मी वायरीपासनं लांब ऱ्हाते.

तू ये. फिल्म जोडून दे, आमी दोघं बघतो. आणि झाल्यावर ते बंद कर. आमच्यानं व्हणार न्हाई.

तुझी,
आक्का