साहेबांच्या बाटलीची तपासणी

पिंपरी,
ता. १८ नोव्हेंबर १९७४

ती. पद्माअक्का हिस,

धाकट्या सुहासिनीचा कोल्हापूरच्या दिशेने वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं आणि इंद्रायणी खुशाल आहोत. तुझे गुडघे थंडीत काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून रात्री गुपचूप चिवडा खाऊन सकाळी हवेला दोष देतात? तू पत्रात विचारलं आहेस की जर्मनीचं काय झालं, आणि त्याच पत्रात असंही लिहिलं आहेस की तू तुमच्या आळीत, मंडळात आणि मामेसासूबाईंच्या अख्ख्या गोतावळ्यात 'आमच्या सुहासचे यजमान सहा महिने जर्मनीला चालले' असं सांगून मोकळी झालीस. अक्का, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येईल. पण ती ओळ लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी चार पानं लिहिते.

ह्यांचं काम तुला ठाऊकच आहे. अकरा वर्षं इन्स्पेक्शनला आहेत. बाहेरून कारखान्यात येणारा माल, मग ती लोखंडाची सळई असो की रबराचा वायसर, ह्यांनी तपासल्याशिवाय आत जात नाही. पसंत पडला तर हिरवी चिठ्ठी, नाही पडला तर लाल; दोन्ही गठ्ठे कायम ह्यांच्या खिशात. आठ तास एवढं करून माणसाने घरी यावं आणि पाय पसरून चहा घ्यावा. पण ह्यांची शिफ्ट सुटते ती फक्त कारखान्यातून. (मला बघायला आले होते तेव्हा मीठ कमी आहे म्हणून पोहे परत पाठवले होते, आठवतं ना? तूच केले होतेस.) रेशनच्या गव्हातले खडे निवडून, कारखान्याच्या काट्यावर तोलून, पुडीवर टक्केवारी लिहून ह्यांनी दुकानदाराला नेऊन दिले. त्या बापड्याने हात जोडून तेवढ्या वजनाचे गहू दिले. त्यातही खडे निघाले, म्हणून हे पुन्हा गेले. चाकणकडची तानाबाई आमच्या कॉलनीत भाजीची पाटी घेऊन येते. तिची वांगी हे एकेक उचलून उजेडात फिरवतात, देठापाशी दाबतात, विसातली चार घेतात आणि उरलेली सोळा का नाकारली हे तिला समजावून सांगतात. शेवटी एकदा ती कावली. म्हणाली, "सायेब, वांगं हाय ते, मोटारीचा पार्ट न्हाई. झाडाला काय नकाशा दावायचा व्हय?" ह्यांनी त्यावर खरोखरच विचार केला. मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते. शेजारणी स्वतःच्या पसंतीची भाजी आणतात आणि मी अकरा वर्षं पास झालेली भाजी चिरते.

तर जर्मनी. आमच्या कारखान्याचा तिथल्या एका कारखान्याशी करार झाला आहे. तपासणीची नवी पद्धत शिकायला एका माणसाला सहा महिने तिकडे पाठवायचं होतं. नावं दोन उरली, एक ह्यांचं आणि एक जयसिंग काळोख्यांचं. जयसिंगराव म्हणजे चाकणच्या शेतकरी घरातला माणूस, कामाला वाघ, बोलायला मुखदुर्बळ. जो जाऊन येईल तो पुढे इन्स्पेक्शनचा मुख्य होणार, हे उघड होतं. निवड करायला जर्मन साहेब स्वतः आले होते. आमचे खासनीस साहेब म्हणाले, परदेशात माणूस कसा वावरेल हे जेवणाच्या टेबलावर कळतं, तेव्हा दोघांनाही पुण्याच्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेऊ, बायकांसकट. झालं. आठ दिवस आमच्या घरात थालीपीठ काट्या-सुरीने खाल्लं गेलं. (काटा इंद्रायणीच्या शाळेच्या सहलीतला, सुरी कांदा चिरायची. थालीपीठ दोनदा ताटाबाहेर गेलं, एकदा शेजारच्यांच्या अंगणात.) लग्नातला कोट बाहेर काढला, त्याची बटणं मी पुढे सरकवली. आणि निघण्याआधी ह्यांच्याकडून एक वचन घेतलं, इंद्रायणीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलं, की टेबलावर काहीही येवो, त्याला नावं ठेवायची नाहीत.

बाहेर जेवण्याबद्दल माझं मत आधीही फारसं बरं नव्हतं. आता ते अनुभवाचं झालं आहे. पहिली गोष्ट म्हणजे अंधार. हॉटेल जितकं मोठं तितका दिवा लहान. आपल्याकडे भटजींच्या पंगतीतही आमटी आहे की कढी एवढं दिसतं. दुसरं ते पदार्थांचं पुस्तक. नावं अशी की हा पदार्थ आहे की दुखणं तेच कळेना. बटाट्याला तिथे तीन नावं आहेत आणि तिन्ही वेळा तो बटाटाच निघतो. तिसरं म्हणजे तो वेटर. तो पाठीमागे इतका चिकटून उभा राहतो की आमच्या सासूबाईसुद्धा पहिल्या वर्षी इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या. आणि एवढा उभा राहून आग्रह मात्र शून्य. 'आणखी घ्या' नाही, 'लाजू नका' नाही. मी नाक पुसायला काटा-सुरी जवळजवळ ठेवली, तर अर्धं जेवण भरलेलं ताट उचलून घेऊन गेला. म्हणे तशी खूण असते. आपल्याकडे माणूस ताटावर आडवा झाला तरी एक जिलबी वाढतात.

आता मुख्य गोष्ट. खासनीस साहेब अडुसष्ट साली जर्मनीला गेले होते तेव्हा त्यांनी वाइनची एक बाटली आणली होती. ती सहा वर्षं त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या खिडकीसमोर, मुलाच्या कॅरमच्या ढालींशेजारी उभी होती. दर दिवाळीला फराळाला जाणाऱ्या प्रत्येकाला तिचं दर्शन घ्यावं लागे. योग्य माणूस भेटला की फोडणार, असं साहेब सांगत. साहेबांकडे परवाना आहे, हॉटेलवाल्यांशी ओळख आहे, आणि जर्मन माणसाला जर्मनीचीच वाइन पाजण्याइतका योग्य प्रसंग कुठला? वेटरने ती न्हाऊ घातलेल्या बाळासारखी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणली. बूच निम्मं बाहेर आलं आणि निम्म्याचा भुगा आत पडला. वेटरच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मग साहेबांनी आम्हां अडाण्यांना रीत समजावून सांगितली. सगळ्यांना ओतण्याआधी एका माणसाच्या पेल्यात घोटभर ओतायची, त्याने चाखून बरी आहे म्हणायचं, मग बाकीच्यांना. वाईट निघाली तर परत न्यायची, कुणी राग मानायचा नाही. अक्का, मला ही रीत एकदम पटली. आपल्या लग्नांत मठ्ठा वाढण्याआधी असा एक माणूस नेमला तर किती पोटं वाचतील! तेवढ्यात साहेब हसून जर्मन साहेबांना म्हणाले, हे आमचे हरिहरराव, ह्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा आत येत नाही, तेव्हा आज ह्यांनाच तपासू द्या. सगळे हसले. हे हसले नाहीत. ह्यांनी खुर्ची पुढे ओढली.

(ह्यांनी जन्मात कधी घेतलेली नाही. पण तपासणीसाठी जीभ लावणं म्हणजे पिणं नव्हे, असं ह्यांचं म्हणणं. कारखान्यातलं तेलही हे असंच तपासतात.) पेला उजेडात धरायचा तर उजेड नाही, म्हणून मेणबत्ती जवळ मागवली. पेला फिरवला, दोनदा वास घेतला. वास कशाला घ्यायला हवा होता? तो टेबलाच्या पलीकडे माझ्यापर्यंत आला होता. शिळ्या ताकात गंजकी पळी चार दिवस बुडवून ठेवावी तसा. मग ह्यांनी जिभेचं टोक लावलं. ह्यांची डावी भुवई वर गेली आणि उजवा हात खिशात गेला. अकरा वर्षांत ती भुवई आणि तो हात एकत्र गेले की पुढे काय होतं ते मला पाठ आहे. खासनीस साहेब लग्नातल्या मुलीच्या बापासारखे बघत होते. जर्मन साहेब टेबलावर कोपरं टेकून ह्यांच्याकडेच पाहत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काय मनात आलं देव जाणे, हात रिकामा बाहेर आला आणि हे हळूच म्हणाले, "ओके."

मग वाटप झालं. खासनीस साहेबांनी डोळे मिटून "वा!" म्हटलं. त्यांच्या पत्नी नीलिमाबाईंना त्यात फुलांचा वास आला. (कुठल्या फुलांचा ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, मी लिंबाचं सरबत पीत होते.) जयसिंगरावांनी पेल्यावर पालथा पंजा ठेवला आणि म्हणाले, "न्हाई साहेब, गळ्यात माळ हाय, आपल्याला चालत न्हाई." जर्मन साहेबांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि ते पुण्याच्या हवेबद्दल बोलू लागले.

चार दिवसांनी निकाल लागला. जर्मन साहेबांनी खासनीस साहेबांच्या खोलीत, चार माणसांदेखत, हसत हसत सांगितलं की त्यांच्या वडिलांचे द्राक्षांचे मळे आहेत, आणि त्या रात्री बाटलीत वाइन नव्हती, तिचा आंबून शिर्का झाला होता. म्हणाले, तुमच्या ह्या माणसाला ते कळलं होतं, मी त्याचा चेहरा बघत होतो. साहेबाची बाटली म्हणून त्याने पास केली. उद्या साहेबाचा माल म्हणूनही करेल. मला 'नाही' म्हणणारा माणूस हवा, आणि त्या टेबलावर 'नाही' एकट्या काळोख्यांनी म्हटलं. म्हणजे बघ, जयसिंगराव माळेमुळे जर्मनीला चालले. सगळ्यांत वरताण खासनीस साहेब. सहा वर्षं ज्या बाटलीला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तिच्याबद्दल ह्यांना म्हणतात, "हरिहरराव, निदान तुम्ही तरी स्पष्ट बोलायला हवं होतंत!" जयसिंगराव पेढे घेऊन आले तेव्हा दारातच घोटाळले. मला म्हणाले, "वहिनी, मी तर नुसता हात ठेवला वो." त्यांचा काय दोष? मी पेढा घेतला, त्यांच्या बायकोसाठी कुंकू लावून नारळ दिला.

तर ती एक ओळ अशी की हे जर्मनीला जात नाहीत. तुमच्या आळीत तूच काय ते सांग. तिकडे थंडी फार आहे म्हणून आम्हीच नको म्हटलं, असं सांगितलंस तरी चालेल. मी मुळीच मनाला लावून घेतलेलं नाही. भावोजींना नमस्कार, मुलांच्या पाठीवरून माझा हात फिरव, आणि तुझ्या गुडघ्यांना तिळाचं तेल.

तुझीच,
सुहास

ता. क. वर मी लिहिलं की ह्यांच्या मनात काय आलं ते देव जाणे. देवाला त्रास कशाला, मला माहीत आहे. ह्यांचा हात खिशात गेला तेव्हा मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दिला. नुसता दिला नाही, जोडव्यांसकट दाबून धरला, 'ओके' ऐकेपर्यंत. मला वाटलं, साहेबांच्या बाटलीला लाल चिठ्ठी लागली की जर्मनी गेली. पंधरा दिवस झाले, ह्यांनी 'तुझ्यामुळे' हा शब्द काढलेला नाही. काढला असता तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

आणखी एक. त्या दिवसापासून हे कशालाच नाही म्हणत नाहीत. मंगळवारी आमटीत मीठ घालायचं राहिलं, हे दोन वाट्या प्यायले. तानाबाई पाटीतून जे देईल ते पिशवीत घेतात, बघतही नाहीत. काल तिने मुद्दाम एक किडकं वांगं वर ठेवलं. ह्यांनी तेही घेतलं. हे आत गेल्यावर ती पायरीवरच बसली. म्हणाली, "बाई, सायबाकडं जरा बघा की वो. आसं गप घेनारं गिऱ्हाईक मला नगं." अक्का, मला रडू आलं. तिच्यासमोर आलं.

शेवटचं, आणि खरं तर हेच लिहायला बसले होते. तू दर संक्रांतीला गुळाची ढेप पाठवतेस, ती ह्या वर्षी आत्ताच पाठव, आणि वाईट बघून पाठव. काळपट, खारट, पाणी सुटलेली, जी दुकानदाराला दाखवायचीही लाज वाटेल अशी. वर ह्यांच्या नावाने चिठ्ठी घाल की खास निवडून पाठवली आहे, कशी आहे ते कळवा. तुला लाल चिठ्ठी लावून परत आली तर रागावू नकोस, मी इथे साखर वाटीन. परत आली नाही, तर मात्र मिळेल त्या गाडीने निघून ये.