आजी खुशाल आहे, सेन्सर गेला

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. यशराजास बाळासोमामाचे आशीर्वाद. तुझी तब्येत, हैदराबादचं पाणी, ऑफिसातली पाठ दुखवणारी खुर्ची, सगळं बरं असेल अशी आशा. इकडं आम्ही खुशाल आहोत आणि तुझी आजी, म्हणजे आमची आई धोंडुबाई, सगळ्यांत जास्त खुशाल आहे. हे मुद्दाम आधी लिहितोय, कारण परवा ती वारल्याची बातमी साऱ्या भावकीत पोचली होती. फोनवर तुला 'गैरसमज झाला' एवढंच सांगता आलं.

तू दिवाळीत आईच्या खोलीत ते हालचाल ओळखणारं यंत्र बसवलंस. (तिनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि त्याचा डोळा झाकला म्हणून तू ते पुसलंस.) सकाळी दहापर्यंत खोलीत कोणी हललं न्हाय तर घरच्या ग्रुपवर मेसेज जायचा, असा नियम तू घातलास. म्हातारं माणूस, पडलंबिडलं तर कळावं. आम्ही कौतुकानं गावभर सांगितलं.

परवा मी आणि तुझी क्रांतीमामी नृसिंहवाडीला दर्शनाला गेलतो. निघताना आई खोलीत पूजा करत होती आणि घंटा अशी बडवत होती की खालच्या क्लासची पोरं वर बघत होती. मोबाईल गाडीत ठेवून आम्ही रांगेत उभारलो. परत येऊन बघतो तर ग्रुपवर तुझ्या यंत्राचा मेसेज: आजींच्या खोलीत सकाळपासून हालचाल नाही. त्याखाली इचलकरंजीच्या तानामावशीनं विचारलेलं, काय झालं. त्याखाली भावकीतल्या पिराजीअण्णाचं, कुणी फोन उचलंना. आणि मग कुणीतरी आईचा फोटो हार घालून टाकलेला. (फोटो एका लग्नातला. त्यात ती जिलेबी खातीय.) तिथनं पुढं नुसते जोडलेले हात. गाडी क्रांतीनं चालवली. मी वाटभर रडलो आणि मधेमधे आईलाच फोन लावत राहिलो.

घरी जिन्यात चपलांचा ढीग, दाराला कुलूप. पिराजीअण्णा पहार घेऊन दार फोडायला उभा, सगळ्यांची तोंडं दाराकडं. खालच्या पायरीवर तानामावशी गळा काढून रडतीय, आणि तिच्या शेजारी डोळ्याला पदर लावून, मांडीवर मेथीची जुडी घेऊन, साक्षात आई बसलेली. कुलूप तिनंच लावलं होतं, मोबाईल आत विसरून; लोकांना वाटलं, आम्हीच तिला आत ठेवून लावून गेलो. मंडईत गेली, येताना मागच्या गल्लीतल्या मोनाकडं चहाला बसली, आणि जिन्यात रडारड दिसली म्हणून रीतीप्रमाणं तीही रडायला बसली.

"कोण गेलं गं, ताने?" आईनं विचारलं.

"आमची धोंडाक्का गेली की," मावशी मान वर न करता म्हणाली.

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "कवा?"

मावशीनं मान वर केली आणि तिथंच आडवी झाली. अण्णाच्या हातनं पहार सुटली ती तीन पायऱ्या खाली गेली. मी आईजवळ जाऊन बसलो.

"बाळू, मी खरंच गेले काय रं?"

"न्हाय गं," मी म्हणालो.

मावशीला पाणी मारून उठवलं, सगळ्यांना चहा केला, मग यंत्र उघडून बघितलं. सेल आदल्या रात्रीच संपलेला. तुझ्या त्या ॲपमध्ये 'रीडिंग उपलब्ध नाही' असं स्वच्छ लिहिलंय. यंत्र म्हणत होतं, मला काही दिसत न्हाय. तुझ्या नियमानं त्याचा अर्थ लावला, आजी हलत न्हाय. एवढा शिकलेला तू, यशराज, आणि ह्या दोन्हींतला फरक तुला सुचला न्हाय ह्याचाच मला धक्का बसलाय.

तुझा,
बाळासोमामा

ता.क. : तेवढा नियम बदल. रीडिंगच आलं न्हाय तर 'सेन्सर बंद, सेल बघा' एवढंच सांगू दे, तेही फक्त मला. मेसेज ग्रुपवर जायच्या आधी माणसाला विचारू दे.

ता.क. दुसरा : आई म्हणते, बदलू नको. एवढी माणसं एका वेळी दिवाळीलाही घरी आली नव्हती.

ता.क. तिसरा : तिनं ग्रुपवरचं सगळं माझ्याकडनं वाचून घेतलं, कोण काय म्हणालं ते. तुझे नुसते दोन हात जोडलेले होते. ती रागावली न्हाय. "कामात असंल पोरगं," म्हणाली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसली. सेल मी बदललाय, त्यासाठी येऊ नको. पण ये.