डोळ्यांवरचं फडकं

अकरावा महिना, तारीख ४, १८५७

पोहोचले एकदाची! इंडियानाहून आयोवापर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण अ‍ॅसनथनं दारातच मक्याच्या गरम लापशीचा वाडगा हातात दिला आणि शीण कुठल्या कुठे गेला. ओबेड पिकरिंग आणि त्याची बायको अ‍ॅसनथ, दोघंही साठीच्या घरातली. मी त्यांच्या माळ्यावर राहायचं आणि वस्तीतल्या पोरांना शिकवायचं. इथेही आमच्याच पंथाचे लोक, म्हणजे लहानथोर सगळ्यांना ‘तू’, आणि काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. लापशीवर मेपलची साखर. उसाची या घरात येत नाही, ती गुलामांच्या हातची. मिसूरीची हद्द इथून आठच मैल. तिकडे माणसं विकतात आणि इकडे मी दुसरा वाडगा मागतेय.

तारीख ७

आज घरचा खरा नियम कळला. स्वयंपाकघरात सरपणाच्या पेटीखाली तळघराचं झाकण आहे. मिसूरीतून पळालेली माणसं तिथे लपतात आणि गाडी आली की उत्तरेला जातात. पण त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही! पाहुणे येताना-जाताना डोळ्यांवर फडकं बांधायचं. किती, कोण, कुठले, विचारायचं नाही. मग पकडणाऱ्यानं विचारलं की खरं सांगता येतं, आम्ही कुणालाही पाहिलं नाही.

मी म्हटलं, ओबेड, ही देवाच्या डोळ्यांत धूळफेक नाही का? तो म्हणाला, “केझाया, या फडक्यानं किती जीव वाचलेत ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच वाचलेत.”

खालच्यांना काही अडचण असेल तर ते तीनदा टकटक करतात.

तारीख १०

पहाटे धुक्यात पाहुणे आले. फडकं बांधून मी प्रत्येकाच्या हातात पाव ठेवला. खरखरीत हात, थंडगार हात. एक हात मात्र बाईचा, तापानं फणफणलेला. त्या हातानं माझी बोटं क्षणभर घट्ट धरली. मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

तारीख १२

पकडणारे आलेत. टॅगार्ट नावाचा माणूस आणि त्याचे दोन साथीदार. बाहेर बर्फ, त्यामुळे ओबेडनं त्यांना घरात घेतलं. दारात आलेल्याला तो हाकलत नाही. टॅगार्ट कालपासून सरपणाच्या पेटीवरच बसलाय, नेमका तिथेच. मी ‘तू कॉफी घेणार का’ म्हटल्यावर खेकसला, “तू काय गं? मी तुझा गडी वाटलो का?”

त्यानं विचारलं, ओबेडनं शांतपणे सांगितलं, मी कुणालाही पाहिलं नाही. खाली पाण्याचा थेंबही पोहोचवता येत नाही.

दुपारी पेटीखालून टकटक आली. तीनदा. अ‍ॅसनथनं लोणी घुसळायला घेतलं आणि रवी इतक्या जोरात आपटली की भांडी हलली. ती हसत होती, पण कपाळावर घाम होता.

तारीख १४

पकडणारे गेले! तासाभरात ओबेडनं गाडी बोलावली. फडकं बांधून मी एकेकाला हात धरून वर घेतलं. कुठलाच हात तापलेला नव्हता. ताप उतरला म्हणायचा. देवाचे आभार मानून झाकण लावलं.

तारीख १६

न्याहारीच्या वेळी टकटक. तीनदा.

अ‍ॅसनथ म्हणाली, उंदीर असतील. उंदीर मोजून वाजवत नाहीत.

तारीख १७

पुन्हा. ओबेड फडकं बांधून खाली उतरला. हाका मारल्या, चाचपडलं. वर येऊन म्हणाला, बटाट्यांचा ढीग आहे, बाकी कुणी नाही. मी म्हटलं, डोळे उघडून बघ. तो म्हणाला, “बघितलं की संपलं. उद्या टॅगार्ट आला तर मी काय सांगू?”

मला तो तापलेला हात आठवतोय. मला भीती वाटतेय. माझीच.

तारीख १८, सकाळ

आता थांबतच नाही. तीन— मग तीन— अ‍ॅसनथ कान झाकून बसलीय.

मी दिवा घेऊन उतरले. उघड्या डोळ्यांनी.

ढिगामागे बाई. कधीची गेलेली, लाकडासारखी ताठ. उजव्या हाताच्या बोटांची सालपटं निघालेली. आणि तिच्या कुशीत पाचेक वर्षांची मुलगी, कच्चा बटाटा चावत. जिवंत.

अंधारात, घाईत, प्रत्येक पाहुण्याला वाटलं असेल, या दोघींना दुसऱ्यानं वर घेतलं. कुणी मोजलं नाही. मी मोजलं नाही. तो हात सापडला नाही आणि मी देवाचे आभार मानले—

मी विचारलं, तू वाजवत होतीस का? तिनं मान हलवली. कुजबुजली, “मी नाही. आईनं सांगितलंय, कुणी हाक मारली तरी आवाज करायचा नाही. आई वाजवते.”

दुपार

नाव वायनी. माळ्यावर माझ्या गोधडीखाली आहे. तिला वर आणताना दोघांनीही पाठ फिरवली होती. ओबेड म्हणाला, तू पाहिलंस केझाया, आता तूच उत्तर दे.

घोडे. कुत्री. टॅगार्ट—

खाली ओबेड सांगतोय, पाहिलं नाही. अ‍ॅसनथही. दोघंही खरंच बोलताहेत. टॅगार्ट विचारतोय, ती मास्तरीण कुठाय?

ओबेड, एकदा तरी खोटं—

सांगितलं. “माळ्यावर.”

जिन्यावर बूट.

पेटीखालून टकटक. तीन. खाली तर आता फक्त ती—

बूट थांबले.

नाही. वर येताहेत. वायनीनं तोंडात मूठ धरलीय. तिचा हात गरम आहे.

उभ्या जन्मात मी खोटं बोलले नाही. आता ते वाक्य म्हणून बघितलं, आरशासमोर म्हणून बघितलं, चेहरा हलतो. हलायला नको. मी कुणालाही पाहिलं नाही. मी कुणालाही पाहिलं नाही. मी कुणालाही पाहि—