बॅटरीला दोष देऊ नका

अहो,

येताना नवी बॅटरी आणू नका. तुम्ही झोपेत होतात तेव्हा शेजारच्या वायरमन भाऊजींचा मीटर आणून मी चार्ज केलेल्या बॅटरीला लावला. हेडलाइट बराच वेळ चालू ठेवून पाहिले, तरी आकडा फारसा उतरला नाही. बॅटरी ठणठणीत आहे.

रोज कामावरून आल्यावर इंजिन बंद करून, रेडिओ आणि आतला दिवा लावून तुम्ही खाली गाडीतच बसून राहता, त्यात ती उतरते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं दिसतं. भांडायचं आता त्राण नाही.

जेवण झाकून ठेवलंय. मी आज दुसऱ्या पाळीलाही थांबणार आहे. संध्याकाळी घरात मी नसेन, तेव्हा आज तरी सरळ वर या.